टीसी हरवलेल्यांची शाळा

हुबळीत एखाद्याला ‘किती शिकलास?’ म्हणून विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा इयत्तेत येत नाही, निकालात येतं. ‘एसएसएलसी फेल.’ ‘पीयूसी डिसकंटिन्यू.’ ‘आयटीआय केलं, एक पेपर राहिला.’ शिक्षण कुठवर गेलं यापेक्षा ते कुठं तुटलं, हे माणसं आधी सांगतात. तुटल्याला पंधरा वर्षं झाली तरी तसंच सांगतात.

कमरीपेठ ही जुन्या हुबळीतली दाट वस्ती. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजे एसएसके समाजाची इथे बरीच घरं. मूळ धंदा रेशीम विणण्याचा, घरची बोली मराठी-गुजराती वळणाची आणि बाजारात कन्नड. इथल्या एका गल्लीतली बाई डोळ्यांसमोर आणू. वय अडतीस, माहेर मिरजेचं, लग्न होऊन हुबळीत आलेली. गल्ली तिला अक्का म्हणते. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिलं, पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. आज समोरचीच्या अंगावरचा ब्लाउज नुसता पाहून ती नव्या कापडावर खडू ओढते. पण अंगणवाडीत जागा निघाली की फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात अडते. अक्का ही कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. ज्या खिडक्यांपुढे तिला उभं राहावं लागेल त्या मात्र सगळ्या खऱ्या आहेत, आणि या लेखात तिला सोबत घेऊनच एकेका खिडकीशी जायचं आहे.

अर्धवट सुटलेलं शिक्षण मोठेपणी पुरं कसं करायचं, हा प्रश्न जगभर विचारला जातो. अमेरिकेत तो कम्युनिटी कॉलेजांच्या संदर्भात येतो. तिथलं पहिलं टिकलेलं असं कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावी निघालं. आज अशी हजाराच्या आसपास आहेत. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि स्थलांतरितांच्या घरांतली वयानं मोठी माणसं तिथे नाव घालतात आणि त्यांतली बरीच मध्येच सोडतात. थोडंफार कॉलेज झालं पण हाती काहीच प्रमाणपत्र नाही, अशा अमेरिकनांची संख्या साडेतीन कोटींच्या वर आहे. आपल्याकडे रंगाच्या जागी जात, वस्ती आणि बाईपण येतं. बाकी गोष्ट ओळखीची आहे: पोटाच्या मागे लागलेल्या माणसानं पुन्हा वहीपाशी बसायचं तर त्याला नेमकी कशाची मदत लागते?

जुनी वाट

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीचा वर्ग काढला. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा काय उपयोगाची, एवढा साधा विचार त्यामागे होता. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, ते सकाळच्या तासांचं. नोकरी करणाऱ्या तरुणाला कचेरी गाठण्याआधी कॉलेज करता यावं म्हणून. एकानं रात्र धरली, दुसऱ्यानं सकाळ. वेळापत्रक विद्यार्थ्याच्या पोटापाण्याकडे बघून आखायचं असतं, हे त्यांनी कुठल्या अहवालाविना ओळखलं होतं.

या इतिहासाचं एक पान कमरीपेठेपासून वीसेक किलोमीटरवर, धारवाडला आहे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि मुंबई सरकारच्या मदतीनं पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड इथे वसतिगृहं उभी राहिली. धारवाडचं वसतिगृह बळवंतराव वराळे सांभाळत. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई काही काळ वराळ्यांकडे राहायला होत्या. अनुदान लांबलं, मुलांच्या ताटात घालायला दाणा नव्हता, तेव्हा रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून वराळ्यांपुढे ठेवल्या आणि मुलांच्या जेवणाची सोय झाली, असं आंबेडकरी घरांत आजही सांगितलं जातं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला ती शिक्षणव्यवस्थेची गोष्ट वाटते. इमारत होती, अनुदान मंजूर होतं, मुलांची जिद्द होती. तरी सगळं अडलं ते मधल्या चार दिवसांवर. बांगड्यांनी ते चार दिवस भरून काढले.

पुढे सरकारनंही काही करून पाहिलं. १९६७ मध्ये वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, गिरणगावातल्या कामगारांना त्यांच्या कामाच्या अंगानं शिकवण्यासाठी. त्याच जातीच्या संस्था आज ‘जन शिक्षण संस्थान’ नावानं देशभर चालतात, आणि २०१८ पासून त्या शिक्षण खात्याकडून कौशल्य खात्याकडे गेल्या आहेत. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी नसलेल्याला पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता येईल, ही त्या विद्यापीठाची धाडसी सोय. अशा पदव्या नोकरीला चालतात का, हा वाद मात्र देशभर कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला. खुद्द कम्युनिटी कॉलेज ही कल्पनाही आपल्याकडे येऊन तीस वर्षं झाली. पहिलं १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठानं काढलं, दुसरं पुढच्याच वर्षी मद्रासला निघालं. इग्नूनं २००९ मध्ये ती योजना देशभर नेली आणि काही वर्षांतच आवरती घेतली. मग यूजीसीनं बाराव्या पंचवार्षिक योजनेत नव्यानं मांडली. अंमल मात्र असलेल्या कॉलेजांच्या एका खोलीत, नुकत्या बारावी झालेल्या पोरांसाठीच अधिक झाला.

आजच्या खिडक्या

आता अक्काला घेऊन निघू. तिला दहावी पुरी करायची आहे. महाराष्ट्रात असती तर शाळेत जाऊन तिनं दहावीच्या परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला असता. पण ती कर्नाटकात आहे, आणि तिच्या जुन्या निकालावर महाराष्ट्र मंडळाचा शिक्का आहे. कर्नाटकातही खासगी उमेदवार म्हणून एसएसएलसीला, म्हणजे तिथल्या दहावीला, बसता येतं. वर्षाला तर एकाहून अधिक परीक्षा होतात, म्हणजे एखादा पेपर राहिला तर अख्खं वर्ष जात नाही. मोठ्या वयाच्या माणसासाठी ही फार मोलाची सुधारणा आहे, कारण त्याचा धीर वर्षाच्या हिशेबात सुटतो, महिन्याच्या हिशेबात टिकतो.

दुसरी खिडकी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. जमतील तसे विषय घ्या, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसा, पास झालेला विषय जमा राहतो. दहावीला वयाची वरची मर्यादा नाही. आणि अक्कासाठी मुख्य गोष्ट: दहावीचं माध्यम मराठी घेता येतं आणि भाषेचा एक पेपर कन्नडचा ठेवता येतो. मिरजेत मराठीतून शिकलेल्या आणि कर्नाटकात नोकरी शोधणाऱ्या बाईला याहून बरी जुळणी मिळायची नाही. पण ही जुळणी तिला सांगणार कोण? सायबर कॅफेतला पोरगा फॉर्म भरून देतो; माध्यमाच्या रकान्यात काय टिचकवायचं हे तो विचारत नाही, आणि तिलाही ठाऊक नसतं.

तिसरी खिडकी हातातल्या कसबाची. येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं, ही पूर्वानुभवाला मान्यता देणारी पद्धत केंद्राच्या कौशल्य योजनेतून २०१५ नंतर रुजली. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि पुढे सवलतीच्या व्याजाचं कर्ज. प्रशिक्षणाला बुडणारा रोज भरून द्यायचा, हे या योजनेनं मान्य केलं ही चांगली गोष्ट. गंमत अशी की त्या अठरांत टोपल्या आणि चटया विणणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारे आहेत, कापड विणणारा मात्र नाही. ज्या एसएसके समाजाचं पट्टेगार हे दुसरं नावच रेशमावरून पडलं, त्याच्या मूळ कसबाला या यादीत घर नाही.

चौथी खिडकी पदवीची. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ १९९६ चं. धारवाडला त्याचं विभागीय केंद्र आहे. पण २०१२-१३ नंतरची त्याची मान्यता यूजीसीनं काढून घेतली आणि ती परत मिळायला २०१८ उजाडलं. त्या मधल्या वर्षांत नाव घातलेल्यांमध्ये नोकरी सांभाळून शिकणारेच जास्त असणार, कारण मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी मुळात तोच. संस्थेच्या चुकीची किंमत अशा माणसाला दुहेरी पडते. एकदा फीमध्ये, दुसऱ्यांदा घरात: ‘म्हटलं नव्हतं, या वयात कशाला?’

सीमेवरचा माणूस

सीमाभागातल्या मराठी माणसाच्या वाटेत आणखी दोन दगड आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरची भाषा राहिली, कचेरीची बदलली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं अक्कासाठी अगदी योग्य ठरली असती. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठानं आपल्या राज्याबाहेर केंद्र काढायचं नाही, हा यूजीसीचा दंडक आहे. रेल्वेनं मिरज काही तासांवर आहे, नियमानं मात्र परदेश.

दुसरा दगड जातीच्या दाखल्याचा. एका राज्यात अनुसूचित म्हणून नोंदलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या राखीव जागांवर त्याला हक्क सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये सांगितलं. त्यामागे कारण आहे; स्थानिक वंचितांच्या वाट्याचं बाहेरच्यांनी नेऊ नये. पण लग्न करून आलेल्या बाईसाठी हा नियम फार कडक होतो. कोल्हापूर-सांगलीकडची दलित मुलगी हुबळीत नांदायला आली की तिची जात तिच्याबरोबर येते, जातीची सवलत मागे राहते. मराठा समाजाचंही तसंच त्रांगडं आहे: कर्नाटकात तो ३ब प्रवर्गात मोडतो आणि २अ साठी मागणी करत आला आहे, महाराष्ट्रात त्याचा हिशेब सगळा वेगळा. प्रत्येक फॉर्ममागे नाडकचेरीतून काढायचं कास्ट-इन्कम सर्टिफिकेट, त्यावरचा आरडी नंबर, बँकेतलं आधार जोडणं आणि शेवटी शाळेची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ती बहुधा माहेरच्या पत्र्याच्या पेटीत राहिलेली असते, किंवा २००५ च्या पुरात गेलेली.

कागदाची किंमत

समजा, एवढं सगळं करून अक्का दहावी झाली. पुढे काय? कर्नाटकात अंगणवाडी मदतनीस व्हायला एसएसएलसी लागते आणि कार्यकर्ती व्हायला पीयूसी, म्हणजे बारावी. पण अर्ज करायचं वय पस्तिशीपर्यंत. अडतिसाव्या वर्षी निघालेली बाई चाळिशीत कागद घेऊन येईल तेव्हा दार लागलेलं असेल. मोठ्या माणसांना शिका म्हणायचं आणि शिकून आल्यावर वय विचारायचं, हा दुटप्पीपणा आपल्या भरतीच्या नियमांत खोलवर बसला आहे. बेरोजगार भत्त्याचंही तेच. कर्नाटकाची युवानिधी योजना नुकत्या पास झालेल्या पदवीधर-पदविकाधारकांसाठी आहे. खुद्द हुबळीत जन्मलेल्या गुरुराज देशपांडे यांच्या देशपांडे फाउंडेशनचं कौशल्य प्रशिक्षणाचं मोठं काम इथे चालतं, पण त्याचा भरही तरुणांवर. धोरण असो की देणगी, नजर विशी-पंचविशीवर खिळलेली.

कधी कधी मदत करण्याचा सरळ मार्ग म्हणजे कागदाची अटच काढून टाकणं. मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायचा परवाना हवा तर आठवी पास असली पाहिजे, असा केंद्राचा नियम होता. २०१९ मध्ये तो रद्द झाला. स्टिअरिंग हातात उत्तम बसलेल्या हजारो माणसांना एका अधिसूचनेनं जे मिळालं, ते दहा साक्षरता वर्गांनी मिळालं नसतं. म्हणून कुठल्याही कामाची पात्रता ठरवताना हा प्रश्न आधी विचारला पाहिजे: या कामाला हा कागद खरंच लागतो, की फक्त रांग छोटी करायला ठेवला आहे?

जिथे तो खरंच लागतो तिथे मात्र नावापुरतं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. चार दिवसांच्या वर्गाचं चकचकीत लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट गल्लीतल्या कपाटात पडून असतं, कारण गोकुळ रोडवरचा कारखानदार त्याकडे बघतही नाही. आयटीआयला तसं होत नाही. त्याचं वजन सगळे ओळखतात. आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची अट नाही, आणि अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून तिथली अखिल भारतीय परीक्षा देण्याची सोयही आहे. गॅरेजमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या मेकॅनिकला ही गोष्ट सांगितली तर तो आधी विश्वासच ठेवत नाही.

काय लागू पडतं

या सगळ्याच्या उलट बाजूला काही खात्रीचं हाती आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात नवी अध्यापनपद्धती वगैरे काही नव्हती. फीमधली तूट भरली, पुस्तकं दिली, मेट्रोचा पास दिला, तास सोयीच्या वेळी लावले आणि एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी ठेवले. एरवी ही संख्या सहाशेच्या पुढे असे. मदतीची चिठ्ठी टाकून, काही विद्यार्थ्यांना ती देऊन आणि काहींना न देता एमडीआरसी या संस्थेनं तुलना केली. तीन वर्षांत मदत मिळालेल्यांपैकी ४० टक्के पास होऊन निघाले, न मिळालेल्यांपैकी २२ टक्के. ओहायोतल्या तीन कॉलेजांतही फरक जवळजवळ तेवढाच पडला. माणशी खर्च वाढला, पण पास होणारे एवढे वाढले की प्रत्येक पदवीमागचा खर्च उलट कमी झाला.

या कार्यक्रमाची एक अट मात्र आपल्या अक्काला परवडणारी नाही: विद्यार्थी पूर्णवेळ हवा. त्या बाबतीत वॉशिंग्टन राज्याची ‘आय-बेस्ट’ पद्धत अधिक कामाची आहे. एकाच वर्गात दोन शिक्षक असतात, एक व्यवसाय शिकवणारा आणि दुसरा त्याच कामातून भाषा आणि गणित शिकवणारा. ‘आधी इंग्रजी पक्कं कर, मग वेल्डिंगला ये’ असं तिथे कुणी म्हणत नाही. अक्काचं गणित तर तिच्या फुटपट्टीवरच आहे. छाती छत्तीस, शिलाईला दीड इंच सोडून कापड किती, हे ती रोज सोडवते. तेच अपूर्णांक पुस्तकात आले की घाबरते.

मुंबईत ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करते. तिनंही सुरुवात संध्याकाळच्या खाण्यापासून, पुस्तकांपासून आणि प्रयोगशाळेच्या सोयीपासून केली, कारण दिवसभर काम करून आलेल्या पोराला पहिल्या तासाला भूक लागलेली असते. उलट उदाहरणही महाराष्ट्राचंच. २०१७ च्या शासन निर्णयानं दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या दुबार शिक्षकांना रात्रशाळांतून काढलं. हेतू काहीही असो, अनेक रात्रशाळांचं गाडं त्या वर्षी रुळावरून घसरलं. मोठ्यांच्या शिक्षणात शिक्षक बदलणं ही नुसती बदली नसते. नाव घालायला आलेल्या माणसाला धीर देऊन बसवणारा तोच एक ओळखीचा चेहरा असतो.

आता हुबळीकडे परत येऊ. न्यूयॉर्कच्या त्या गठ्ठ्यातल्या गोष्टी एकेक करून मोजल्या, तर त्यांतल्या निम्म्या इथे आधीच आहेत! बसचा पास? ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका राज्याच्या साध्या सरकारी बसनं फुकट फिरतात. धारवाडच्या केंद्रावर जायला अक्काला तिकीट नाही. हातखर्च? गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये घरच्या कर्त्या बाईच्या खात्यात येतात; परीक्षेची फी त्यातून निघते. वर्षाला एकाहून अधिक परीक्षा आहेत, मराठी माध्यम आहे, बुडालेल्या रोजाचे ५०० रुपये आहेत. न्यूयॉर्कनं जे मुद्दाम एका दोरीत बांधलं, ते इथे वेगवेगळ्या खात्यांत सुटं पडलं आहे, आणि एका खात्याला दुसऱ्याची खबर नाही. शक्ती योजनेचा हिशेब परिवहन खातं ठेवतं, परीक्षेचा मंडळ, शिंपीकामाचा केंद्र सरकार. अक्काचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

म्हणून कमरीपेठेत मोठी इमारत उठवायची गरज नाही. असलेल्या शाळेतली एक खोली संध्याकाळी साडेसात ते नऊ उघडी हवी, भाकरी-भाजी झाल्यावर आणि दिवसाचं शिवण आवरल्यावर. बाजूला लहान पोरांना बसवायला जागा हवी. आणि पगारावर एक माणूस हवा, ज्याच्याकडे पन्नास-साठ नावांची वही असेल. कुणाचा फॉर्म कुठे अडला, कोण दोन आठवडे आलं नाही, कुणाच्या सासूला दवाखान्यात ठेवलंय, हे त्या वहीत लिहिलेलं असेल. मराठी, कन्नड आणि उर्दू ज्याला बाजारापुरत्या तरी येतात असा माणूस. धारवाडच्या वसतिगृहात वराळे करत ते काम यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मुलं किती आणि दाणे किती, याचा मेळ रोज घालणारं कुणीतरी तिथे होतं, म्हणून बांगड्या योग्य जागी पोचल्या. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटकानं २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण धोरणासाठी आयोग नेमला. अशा धोरणांची चर्चा पदवी तीन वर्षांची की चारची, यावर रंगते. त्या वहीवाल्या माणसाच्या पगाराची ओळ त्यात कुठे बसेल, हे बघायला हवं.

तो माणूस उद्या नेमला गेला, तर अक्काच्या बाबतीत त्याचं पहिलं काम शिकवण्याचं नसेल. तिच्याकडून जुन्या शाळेचं नाव आणि दहावीचं साल विचारून घ्यायचं, मिरजेला फोन लावायचा आणि टीसीची दुय्यम प्रत मागवायची. दुसरं काम, एनआयओएसच्या फॉर्मवर माध्यमाच्या रकान्यात ‘मराठी’ आणि भाषेच्या रकान्यात ‘कन्नड’ लिहून घेणं. गणिताची पाळी त्यानंतर.